शेवटच्या घराच्या गोळ्या

बायको गेल्याचं कळलं तेव्हा कंपाउंडर मदत केंद्रात एका म्हातारीच्या पायाची जखम धूत होता. खरं तर त्या वेळी त्याचं तिथं काही काम नव्हतं. सकाळी मुलीनं त्याला इस्पितळातून घरी पाठवलं होतं. आईला जरा बरं वाटतंय, चष्मा मागतेय, तेवढा घेऊन या आणि धुतलेले कपडेही आणा, असं ती म्हणाली होती. घरी चष्मा सापडायला वेळ लागला. परत निघाला तर वाटेत केंद्र लागलं. दारात पन्नासेक माणसं आणि आत एकटी सिस्टर. त्यानं पिशवी खुंटीला अडकवली आणि अर्धा तास हात लावतो म्हणाला.

अर्ध्या तासाचा दीड तास झाला. मग डॉक्टरीणबाई फोन हातात धरून आतल्या खोलीतून आल्या. त्यांनी त्याच्या हातातला कापूस काढून घेतला आणि जरा बसा म्हणाल्या. कंपाउंडरनं बावीस वर्षं दवाखान्यात काढली होती. माणसाला बसायला कधी सांगतात हे त्याला ठाऊक होतं. तो बसला नाही. म्हातारीच्या पायाला पट्टी गुंडाळली, गाठ मारली, पाय खाली ठेवला आणि मग विचारलं, "किती वाजता?"

तो केंद्रात शिरून तास होत आला होता तेव्हा. सरळ गेला असता तर चष्मा पोचला असता.

पूर येऊन तेव्हा वीस दिवस झाले होते. पाणी दोन दिवसांत आलं तसं चार दिवसांत गेलं, पण जाताना सगळीकडे चिखल सोडून गेलं. गल्लीत खालच्या टोकाला छपरापर्यंत पाणी होतं, वरच्या टोकाला गुडघाभर. कंपाउंडरचं घर वरच्या टोकाचं, अगदी शेवटचं. ज्या डॉक्टरांकडे तो कामाला होता त्यांचा दवाखाना पार बुडाला, म्हणून ग्रंथालयाच्या हॉलमध्ये मदत केंद्र उघडलं त्या दिवशी तो आपणहून तिथं जाऊन उभा राहिला. डॉक्टरीणबाई बाहेरून आलेल्या, त्यांना गल्ल्या ठाऊक नव्हत्या. याला प्रत्येक घरातल्या माणसाचं दुखणं ठाऊक. त्यांनी त्याला सिस्टरबरोबर घरोघर फिरायच्या कामाला लावलं.

काम असं होतं. चिखलात, साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं, आणि पायाला कुठं खरचटलेलं असलं की त्यातून वाईट ताप शिरतो. तो येऊ नये म्हणून चिखल उपसणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा, पोटात अन्न असताना, दोन गोळ्या द्यायच्या. हातात ठेवून निघून जायचं नाही, समोर गिळायला लावायच्या. सगळ्यांच्या झाल्या की दारावर खडूनं बरोबरची खूण करायची, खाली माणसांचा आकडा आणि तारीख. आणि तेच सिस्टरनं वहीत लिहायचं.

गिळायला लावण्यात कंपाउंडरचा हात कुणी धरला नसता. गोळी तोंडात गेली, पाणी प्यालं, की तो म्हणायचा तोंड उघडा, जीभ वर करा. मग बॅटरी लावून बघायचा. गल्लीतला शिंपी मोठा तोंडाळ माणूस. पहिल्याच फेरीला तो जीभ वर करून झाल्यावर म्हणाला, "कंपाउंडर, लग्नाआधी माझ्या सासऱ्यानंसुद्धा मला एवढं तपासलं नव्हतं." शिंपीण आतून म्हणाली की तपासलं असतं तर आज ही वेळ आली नसती. सिस्टर हसत हसत पुढच्या घरी गेली. त्या दिवसापासून गल्लीत कुणी कुणाला भेटलं की जीभ वर करून दाखवायचं असा खेळच झाला. चिखलात उभ्या असलेल्या माणसांना तेवढंच हसायला.

त्रेचाळीस घरांची गल्ली. पहिल्या फेरीत गोळ्या मोजून आणल्या होत्या, पण वेल्डरच्या घरी खालच्या वस्तीतले पाहुणे येऊन राहिले होते आणि पाचाची अकरा माणसं झाली होती. इकडून तिकडून भागवत शेवटी एक पाहुणा उरला आणि पिशवीत एकाच माणसाच्या गोळ्या उरल्या. घर उरलं होतं एकच, कंपाउंडरचं. त्यानं स्वतःच्या गोळ्या सकाळीच केंद्रात सिस्टरसमोर घेतल्या होत्या. म्हणजे उरलेल्या गोळ्या बायकोच्या.

तो पाहुणा दुसऱ्या दिवशी पहाटे आपलं बुडालेलं घर साफ करायला जाणार होता. कंपाउंडरनं त्याला गोळ्या दिल्या, जीभ बघितली. यात काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. चूक पुढची. गल्ली पूर्ण झाली नाही असं संध्याकाळी कळवलं तर उद्या पुन्हा याच गल्लीत यावं लागणार, आणि खालची वस्ती एक दिवस मागे पडणार. एका घरासाठी, तेही आपल्याच. सिस्टरनं विचारलं तुमच्या घरचं काय. तो म्हणाला, लिहा दोन, माझ्या झाल्यात, तिला मी घरी नेऊन देतो. सिस्टरनं लिहिलं. त्यानं स्वतःच्या दारावर खडूनं खूण केली, खाली दोनचा आकडा घातला, तारीख घातली आणि गल्ली पूर्ण झाली.

पुढचे दोन दिवस केंद्रातल्याच गोळ्या संपलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पुरवठा आला आणि त्याची पिशवी भरली. तिथून पुढे ती पिशवी रोज त्याच्या खांद्यावरून घरात यायची आणि रोज खांद्यावरून बाहेर जायची. दिवसभर दुसऱ्यांच्या जिभा बघून आलेल्या माणसाला घरी आल्यावर पिशवीत हात घालावासा वाटत नव्हता. घरचंच तर काम होतं, कुठं पळून जाणार होतं.

बायको दिवसभर गल्लीतल्या बायकांबरोबर शाळा साफ करायला जायची. सगळे तिला काकू म्हणायचे. बाकं बाहेर काढताना तिच्या नडगीला पत्रा लागला होता. लहानशी जखम, तिनं हळद भरली आणि विसरली.

फेरीनंतर सातव्या दिवशी तिला ताप आला. अंगमेहनतीचा असेल म्हणून कंपाउंडरनं तापाची गोळी दिली आणि कामाला गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, इतक्या की हात लावू देईना. हे त्याच तापाचं लक्षण, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं स्वतःला समजावलं की चिखलात वाकून वाकून कुणाच्याही दुखतील. दुसरं कुणी असतं तर त्यानं तिथल्या तिथं गाडीत घातलं असतं. आपल्या घरात ते आलंय हे मान्य करायला त्याला आणखी दोन दिवस लागले. तोवर तिच्या डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता. इस्पितळात पाच दिवस झाले, आणि सहाव्या दिवशी सकाळी तिनं चष्मा मागितला.

ती गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई घरी आल्या. आल्या त्या भेटायला, पण हातात वहीही होती. त्यांनाही अवघड वाटत होतं. त्या म्हणाल्या की गोळ्या घेतलेल्या घरात माणूस दगावलं असं वर कळवलं तर हा सगळा साठाच तपासणीला जाईल आणि तोवर सगळीकडचं वाटप थांबेल. तसं करायचं तर करू, पण आधी मला खरं सांगा, त्यांनी गोळ्या नक्की घेतल्या होत्या का?

कंपाउंडर तोंड उघडणार तेवढ्यात मुलगी बोलली. ती दारातच बसली होती, आईच्या साड्यांच्या घड्या घालत. "आई कसली घेतेय गोळी," ती म्हणाली. "जिभेखाली धरून ठेवायची आणि बाबांची पाठ वळली की कुंडीत टाकायची. लहानपणी मी स्वतः शोधून काढल्यात. बाबांनी दिल्या असतील, तिनं टाकल्या असतील. सगळ्यांचं ऐकायची, स्वतःच्या अंगाचं कधी ऐकलं नाही तिनं." आणि ती रडायला लागली. आईवर रागावूनच रडत होती.

डॉक्टरीणबाईंनी कंपाउंडरकडे बघितलं. तो खाली बघत राहिला. त्यांनी ते हो असं धरलं आणि वहीत लिहिलं की गोळ्या दिल्या, बहुधा घेतल्या नाहीत. साठा वाचला.

मुलगी म्हणाली ते खोटं नव्हतं. बायको गोळ्या टाकायची, हे त्यालाही ठाऊक होतं. पण या खेपेला तिनं स्वतः मागितल्या होत्या. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा तिसऱ्या दिवशी, जेवायला वाढताना. "अहो, सगळ्या गल्लीच्या जिभा बघून आलात, माझी कधी बघणार?" त्यावर तो म्हणाला होता की तुझी जीभ तीस वर्षं ऐकतोय, आता बघायचं काय राहिलंय. दोघंही हसले होते आणि जेवले होते. दुसऱ्यांदा ती बाहेर पायावर पाणी घेत होती तेव्हा. त्या वेळी तिनं चेष्टा केली नाही. गोळ्या आणल्यात का, एवढंच विचारलं. पिशवी त्याच्या खांद्यावर होती. तो चपला काढता काढता म्हणाला, उद्या नक्की.

जन्मभर गोळी टाळलेली बाई. तिनं दोनदा मागितल्या आणि तिचीच मुलगी म्हणत होती की तिनं टाकल्या. हे बाप बसून ऐकत होता.

मुलगी पाचव्या दिवशी आपल्या घरी गेली. तिच्याकडेही लहान मुलं, तिच्या गावातही पाणी येऊन गेलेलं. रिकाम्या घरात कंपाउंडरला बसवेना म्हणून तो कामावर गेला. खालच्या वस्तीमुळे लांबलेली गल्लीची दुसरी फेरी तेव्हाच लागली होती.

पहिल्या घरी चहाला विचारलं, बसायला खुर्ची दिली, पण गोळ्या पुढे केल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग नंतर घेतो म्हणाले. दुसऱ्या घरी म्हणाले पोटात आग होते. तिसऱ्या घरी दारच उघडलं नाही, आणि आत भांड्यांचा आवाज येत होता. सिस्टरला कळेना. ती प्रत्येक दारात बडबड करून थकली. शेवटी शिंप्यानं दोघांना ओट्यावर बसवलं आणि गल्लीत काय बोललं जातंय ते सांगितलं.

"राग मानू नका कंपाउंडर," तो म्हणाला. "लोक म्हणतात काकूंनी गोळी टाकली असेल. मी म्हणतो शक्यच नाही. जो माणूस माझ्यासारख्याच्या घशात बॅटरी मारतो, त्याच्या घरात गोळी चुकेल? तुमच्या हातून असं होणार नाही. मग याचा अर्थ गोळीतच दम नाही. आणि दम नसेल तर पोट कशाला जाळून घ्यायचं?"

याला उत्तर एकच होतं. सिस्टर बाजूला बसलेली. ओट्याखाली शिंप्याची दोन शिलाई यंत्रं चिखल धुऊन वाळत ठेवलेली. कंपाउंडर त्या यंत्रांकडे बघत म्हणाला की डॉक्टरीणबाईंशी बोला, त्या समजावतील. एवढं बोलून तो उठला. त्रेचाळीस घरांपैकी त्या दिवशी सव्वीस घरांनी गोळ्या घेतल्या नाहीत. शिंप्याचं घर त्यात होतं. लोकांनी त्याचं बघून ठरवलं होतं आणि त्यानं कंपाउंडरचं बघून.

पुढचे आठ दिवस कंपाउंडर रोज सांगायचं ठरवायचा. सकाळी निघताना वाक्य तयार असायचं. केंद्रात गेलं की डॉक्टरीणबाई कामात असायच्या, सिस्टर कुणाला तरी सलाईन लावत असायची, आणि वाक्य तोंडातल्या तोंडात राहून जायचं. त्याला वाटायचं, लोक आपल्याला काय म्हणतील याची काही भीती नाही. पण भीती तीच होती. गोळी न दिलेला कंपाउंडर म्हणून गल्लीत वावरायचं त्याच्या जिवावर येत होतं. बायकोच्या माथी दोष गेलाच आहे, ती काही आता ऐकायला नाही, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. त्या विचाराची त्याला स्वतःलाच शिसारी आली, पण तरी तो बोलला नाही.

नवव्या दिवशी सकाळी शिंपीण दारात आली. आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. "भाऊजी, यांना कालपासून ताप आहे," ती म्हणाली. "आणि पोटऱ्या दुखतायत म्हणतात. हात लावू देत नाहीत."

कंपाउंडरनं चप्पलही घातली नाही. धावत केंद्रात गेला, जीप आणली, शिंप्याला उचलून मागच्या बाकावर आडवं केलं. शिंपीण त्याच्या उशाशी, कंपाउंडर समोर. रस्ता खड्ड्यांचा, प्रत्येक खड्ड्याला शिंपी कण्हत होता. तरी त्याचं तोंड चालूच होतं. गल्लीच्या बाहेर आल्यावर तो म्हणाला, "एक बरं आहे. गोळी घेतली असती तरी हेच व्हायचं होतं. काकूंचं झालंच की."

"तिनं घेतली नव्हती," कंपाउंडर म्हणाला.

"म्हणजे टाकली?"

"टाकली नाही. मी दिलीच नाही. दारावर खूण केली, वहीत लिहायला लावलं, आणि दिली नाही. तिनं मागितली होती."

शिंप्यानं डोळे मिटून घेतले. शिंपीण मात्र कंपाउंडरकडे सरळ बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, ती काहीतरी मनाशी जुळवत होती. मग ती म्हणाली, "हे तुम्ही आठ दिवसांपूर्वी आमच्या ओट्यावर बसून सांगायला हवं होतंत." त्यानंतर तिनं तोंड बाहेर वळवलं आणि इस्पितळ येईपर्यंत तसंच ठेवलं.

तिथून परत आल्यावर तो आधी डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत, पण त्याच्या हातातली पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि यापुढे गोळ्या सिस्टर देईल, तुम्ही फक्त बरोबर जा, असं सांगितलं. सिस्टरनं वही उघडली, त्याच्या घराची ओळ शोधली, आणि त्यावर काट मारताना म्हणाली, "माझ्या अक्षरात लिहून घेतलंत हो हे." मग तिनं वही मिटली.

दुसऱ्या दिवशी दोघं गल्लीत गेले. वरच्या टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात कंपाउंडर उभा राहायचा आणि तेच सांगायचा. हिला गोळ्या मिळाल्याच नव्हत्या. मी दिल्या नाहीत. गोळीचा दोष नाही, तिचाही नाही. पहिल्या दोन-चार दारांत आवाज फुटत नव्हता, पुढे फुटायला लागला. शिंप्याला इस्पितळात नेल्याचं सगळ्यांना कळलंच होतं, त्यामुळे लोक ऐकून घेत होते.

वेल्डरच्या बायकोनं ऐकलं आणि ती मटकन खाली बसली. म्हणजे काकूंच्या गोळ्या आमच्या पाहुण्याला गेल्या, असं ती पुन्हा पुन्हा म्हणायला लागली. कंपाउंडर तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं सांगितलं की तसं मनात आणू नका, तिला ताप येण्याआधी चार दिवस माझी पिशवी गोळ्यांनी भरलेली होती, ती घरातच होती. ते तिला पटलं की नाही कोण जाणे. पुढच्या एका घरात म्हाताऱ्यानं सगळं ऐकल्यावर दार लावून घेतलं. मग एका घरात सिस्टरनं गोळ्या दिल्या, त्या बाईनं गिळल्या, आणि कुणी न सांगता कंपाउंडरपुढे तोंड उघडून जीभ वर केली. त्यानं मान हलवली. बॅटरी लावायचा त्याला धीर झाला नाही.

संध्याकाळपर्यंत चाळीस घरांनी गोळ्या घेतल्या. उरलेल्या तिघांनी दोन दिवसांनी घेतल्या. त्या गल्लीत नंतर कुणाला ताप आला नाही.

शिंपी अकरा दिवसांनी परत आला. अर्धा झालेला, गालफडं बसलेली. यंत्र ओट्यावर मांडून तो आता कामाला लागलाय. कंपाउंडर समोरून गेला की मान वर करून बघतो, बरं आहे ना विचारतो. चेष्टा करत नाही.

केंद्र पुढच्या महिन्यात बंद होणार आहे. डॉक्टरांनी दवाखान्याच्या भिंतींना चुना लावून घेतलाय, कपाटं नवी आणलीत, आणि कंपाउंडरला एक तारखेपासून या म्हणून निरोप पाठवलाय.

मुलीचा फोन रोज दिवेलागणीला येतो. जेवलात का, डोळ्यांत थेंब घातले का, सगळं विचारते. मग बोलता बोलता आईवर येते. आईनं तेवढ्या दोन गोळ्या गिळल्या असत्या तर, असं म्हणते. इकडे तो मुलं कशी आहेत विचारतो. गल्लीतलं कुणीतरी तिला सांगेल, त्याआधी आपण सांगायला हवं, हे त्याला कळतं. फोनवर सांगायची गोष्ट नाही, ती आली की सांगू, असं म्हणून त्यानं ते पुढे ढकललं. मध्ये ती दोन दिवस येऊन गेली.

आपलं सोडून बेचाळीस घरांत सांगून झालं. मुलीला अजून सांगितलेलं नाही.